नाही म्हणणाऱ्यांचा रकाना

१९८० च्या दशकात अमेरिकन कॅन्सर सोसायटीची मॅमोग्राफीबद्दलची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीबद्दलची, एक जाहिरात गाजली होती. तिचा आशय असा: तुम्ही अजून मॅमोग्राम काढला नसेल, तर तुमच्या स्तनांखेरीज आणखीही कशाची तरी तपासणी व्हायला हवी. म्हणजे डोक्याची. पहिल्यांदा वाचताना हसू येतं. मग लक्षात येतं की यात आजार काय, तपासणीने किती बायका वाचतात, तपासणीतून त्रास काय होऊ शकतो, यातलं काहीही नाही. आहे ते एवढंच: येत नसाल तर तुम्ही मूर्ख आहात.

ज्यांनी ही जाहिरात केली ते लबाड नव्हते. बायका मरू नयेत असंच त्यांना मनापासून वाटत होतं. माझा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कोणी फसवून काही विकत असेल तर त्याला नावं ठेवणं सोपं. पण भल्याच्या पोटी कोणी चिमटा काढत असेल, लाजवत असेल, घाबरवत असेल, तर?

आजारी माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा गरज त्याची असते. दुखतंय, काहीतरी करा, असं तो म्हणतो आणि डॉक्टर आपल्या परीने जमेल ते करतो. स्क्रीनिंगमध्ये हे उलटं होतं. धडधाकट माणूस आपल्या कामात असतो आणि त्याला निरोप येतो, की या, तुमच्यात काही दडलंय का ते पाहू. आर्ची कॉक्रन आणि वॉल्टर हॉलंड या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ मध्येच या फरकावर बोट ठेवलं होतं. रुग्ण स्वतःहून आला तर उपलब्ध ज्ञानात होईल तेवढं करणं हे डॉक्टरचं काम. पण डॉक्टरच बोलावणं धाडणार असेल, तर या तपासणीने आजाराची पुढची वाट खरोखर बदलते याचा भक्कम पुरावा त्याच्या हातात आधी हवा. मला यात एक पुरवणी जोडाविशी वाटते. बोलावणं जितकं आग्रहाचं, तितका पुरावा भक्कम हवा. साधं कळवायला थोडा पुरावा पुरेल. पाठपुरावा करायचा, लाजवायचं, घरच्यांना मध्ये घालायचं, तर फार मोठा लागेल.

‘आधी कळलेलं बरं’ हे वाक्य आपल्याला इतकं सवयीचं झालं आहे की त्याला पुरावा लागतो हेच विचित्र वाटतं. आधी कळून वाईट काय होणार? ब्रिटनमध्ये या प्रश्नावर इतकी वर्षं भांडणं झाली की शेवटी सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र समिती नेमावी लागली. २०१२ च्या तिच्या अहवालातला हिशेब असा. पन्नाशीच्या दहा हजार बायकांना पुढची वीस वर्षं नियमित मॅमोग्राफीला बोलावलं, तर स्तनाच्या कर्करोगाने होणारे ४३ मृत्यू टळतील. आणि १२९ बायकांना अशा कर्करोगाचं निदान होईल, जो तपासणी झाली नसती तर त्यांना हयातीत कधी जाणवलाही नसता. एक जीव वाचला, त्यामागे तिघींचं अतिनिदान.

अतिनिदान हा प्रकार मनात उतरायला वेळ लागतो. रिपोर्ट चुकलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशी दिसतात त्या खरोखर कर्करोगाच्याच असतात. फक्त त्या इतक्या सावकाश वाढणाऱ्या असतात, किंवा वाढतच नाहीत, की ती बाई दुसऱ्याच कशाने तरी, कदाचित तीस वर्षांनी, जाणार असते. पण हे कोणाच्या बाबतीत खरं आहे ते निदानाच्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही, म्हणून उपचार सगळ्यांवरच होतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार, वर्षानुवर्षांच्या गोळ्या, आणि यापुढे कुठेही ‘पूर्वीचे आजार’ विचारलं की लिहावा लागणारा तो एक शब्द.

यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. ब्रिटनमधल्या स्क्रीनिंगच्या जाणकारांनी, अँजेला रॅफल आणि म्यूर ग्रे यांनी, तिला लोकप्रियतेचा विरोधाभास म्हटलं आहे. अतिनिदान झालेली प्रत्येक बाई उपचारांनंतर ठणठणीत असते, कारण मुळात ती त्या आजाराने जाणारच नव्हती. ती अगदी प्रामाणिकपणे सगळ्यांना सांगत फिरते, की तपासणी केली म्हणून वाचले, तुम्हीही करा. तपासणी जितकं जास्त अतिनिदान करेल, तितके तिचे ऋणी वाढत जातात. जिला विनाकारण इजा झाली ती आपल्याला कधी भेटतच नाही. भेटते ती वाचलेली म्हणूनच. तिच्या तोंडावर कोण म्हणणार, की बाई, तीनास एक असा हिशेब आहे आणि तू त्या तिघींपैकी असू शकतेस? मी तरी म्हणणार नाही.

आता मन वळवण्याच्या युक्त्यांकडे येऊ. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सभ्य दिसणारी युक्ती आकड्यांची. हजारातले पाच जण दगावायचे ते चार दगावू लागले, तर ‘मृत्यू २० टक्क्यांनी घटले’ हे खरं आणि ‘हजारात एक वाचला’ हेही खरं. पत्रकावर कोणतं छापलं जाईल ते सांगायला नको. शिवाय फायदा टक्क्यांत आणि तोटा हजारात एक-दोन असा छापला, की अक्षरही खोटं न लिहिता वाचणाऱ्याचं मत हवं तिकडे कलतं. याचा साठत आलेला परिणाम काय होतो ते २००९ मध्ये नऊ युरोपीय देशांत केलेल्या एका पाहणीत दिसलं. मॅमोग्राफीने नेमका किती फायदा होतो असं विचारल्यावर ९२ टक्के बायकांनी एकतर तो किमान दहापट फुगवून सांगितला, नाहीतर माहीत नाही म्हणाल्या. इतक्या पत्रकांनंतर, इतक्या मोहिमांनंतर हे. या बायकांनी ‘स्वतः निर्णय घेतला’ असं म्हणायला मला जड जातं.

डॉक्टर तरी यातून सुटतात का? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्राथमिक सेवा देणाऱ्या डॉक्टरांपुढे एकाच धाटणीच्या दोन काल्पनिक तपासण्या ठेवल्या गेल्या. एकीने निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ६८ वरून ९९ टक्क्यांवर जातं, दुसरीने मृत्यू हजारी २ वरून १.६ वर येतात. पहिलीची शिफारस ६९ टक्क्यांनी केली, दुसरीची २३ टक्क्यांनी. गंमत अशी की तपासणी उपयोगाची आहे की नाही हे फक्त दुसऱ्या आकड्यावरून कळतं. पहिल्यावरून काहीच कळत नाही.

ते का, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. २००७ मध्ये रूडी जुलियानी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत होते. त्यांना स्वतःला प्रोस्टेटचा कर्करोग होऊन गेला होता. प्रचारात ते सांगत, की या आजारातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आणि इंग्लंडच्या सरकारी व्यवस्थेत जेमतेम ४४ टक्के, म्हणजे मी अमेरिकेत होतो हे माझं नशीब. ही टक्केवारी निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांची. प्रत्यक्षात दोन्ही देशांतला या आजाराचा मृत्युदर जवळपास सारखा होता. एखादा माणूस पंचाहत्तराव्या वर्षी या आजाराने जाणार आहे असं धरा. लक्षणं दिसून बहात्तराव्या वर्षी निदान झालं तर तो ‘पाच वर्षं जगला नाही’ या खात्यात. तोच तपासणीत सहासष्टाव्या वर्षी सापडला तर ‘पाच वर्षं जगला’ या खात्यात. गेला त्याच दिवशी. मध्ये वाढली ती फक्त रुग्ण म्हणून काढलेली वर्षं. त्यात अतिनिदान झालेले, या आजाराने कधीच न मरणारे रुग्ण मिसळले की टक्केवारी आणखी झळाळते. आजही मोठमोठ्या फलकांवर हाच आकडा असतो आणि खाली हसरं कुटुंब.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग लोकांचं मन वळवूच नये, माहिती द्यावी आणि बाजूला व्हावं. हे मला पटत नाही.

माहिती देऊन बाजूला होणं अशी काही जागाच नसते. पत्रात ‘अमुक दिवशी अमुक वाजता तुमची वेळ ठेवली आहे, जमत नसेल तर कळवा’ असं लिहिलं तर ‘हवी असल्यास फोन करून वेळ घ्या’ या पत्रापेक्षा जास्त लोक येतात. दोन्ही पत्रं खरी, दोन्हींत माणूस मोकळा. पण दोहोंपैकी एक तर पाठवावंच लागेल, आणि जे पाठवाल ते एका बाजूला ढकलणारच. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या अमेरिकन अभ्यासकांनी २००८ पासून ज्याला ‘नज’ म्हणून जगभर ओळख मिळवून दिली, तो हलका धक्का हाच: सक्ती नाही, बक्षीस नाही, फक्त मांडणी अशी की अंगभूत आळस हव्या त्या दिशेला वळावा. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि सरकारांना हे खेळणं फार आवडलं.

माझं म्हणणं एवढंच, की आधीच ठरवून दिलेली वेळ ही एक शिफारस आहे. ती वाचणारा तसंच समजतो: वेळ ठेवली आहे म्हणजे जायला हवं असणार. मग ती शिफारस पेलायची ताकद त्या तपासणीत हवी.

काही तपासण्यांत ती निर्विवाद आहे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो टिपकागदावर सुकवायची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या सुमारास काढली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला फिनाइलकिटोन्युरिया होता, म्हणजे प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता न येणं. पहिल्या आठवड्यांत कळलं आणि आहार बदलला तर मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर मेंदूची हानी भरून येत नाही. इथे आईबापांपुढे फायद्या-तोट्याचा तक्ता मांडून ‘आता तुम्ही ठरवा’ म्हणत बसणं मला निव्वळ अंग काढून घेणं वाटेल. सांगावं, स्पष्ट सांगावं, आग्रह करावा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचंही बरंचसं तसंच. तो व्हायच्या आधीच्या टप्प्यावर सापडतो, तिथेच थांबवता येतो. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ भागांत, १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांमध्ये झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू, शोधणारी चाचणी एकदाच केलेल्या गटात या आजाराचे मृत्यू जवळपास निम्मे झालेले दिसले. एवढा पुरावा असताना बायका येत नसतील तर त्यांच्या ‘जागरूकतेला’ दोष देण्याआधी त्या का येत नाहीत हे पाहावं. पुष्कळदा कारण अगदी साधं असतं: परक्या माणसासमोर, थंड टेबलावर, तशा स्थितीत पडून राहायचं नसतं. ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून सगळ्या पात्र बायकांना पडद्याआड जाऊन स्वतःच नमुना घेण्याची मुभा दिली. यात कोणाचं मन वळवलेलं नाही. वाटेतला दगड उचलला, इतकंच. प्रभाव टाकण्याच्या सगळ्या प्रकारांत मला हा सर्वांत निर्मळ वाटतो, आणि त्यालाच सगळ्यात कमी निधी मिळतो, कारण दगड उचलायला माणसं लागतात आणि फलक रंगवायला लागत नाहीत.

पण त्याच आजाराची दुसरी गोष्ट बघा. ब्रिटिश टीव्हीवरची जेड गुडी आपल्याकडच्या ‘बिग बॉस’च्या घरात असतानाच, ऑगस्ट २००८ मध्ये, तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचं कळलं. मार्च २००९ मध्ये ती गेली. वय २७, दोन लहान मुलगे. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक बायका जास्त तपासणीला आल्या. कोणत्याही मोहिमेला न जमलेलं काम एका मृत्यूने केलं. कित्येक वर्षं टाळाटाळ करणाऱ्या पस्तिशी-चाळिशीच्या बायका त्यात होत्या. त्यांचं भलंच झालं. आणि त्याच लाटेत मागणी उठली, की तपासणीचं वय २५ वरून पुन्हा २० वर आणा. तरुण मुली, शोकाकुल आया, वर्तमानपत्रं, सगळे एका बाजूला. तज्ज्ञांच्या समितीने २००९ मध्ये सगळं पुन्हा तपासलं आणि नाही म्हटलं. पंचविशीच्या आत पेशींतले असे बदल फार सर्रास दिसतात आणि बहुतेक आपोआप बरे होतात. त्यांच्यावर उपचार केले तर पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. त्या समितीतल्या माणसांविषयी मला आदर वाटतो. ‘तुम्हाला मुलींच्या जिवाची किंमत नाही’ हे ऐकून घेऊनही आकड्यांवर ठाम राहणं सोपं नसतं. एकच कहाणी चाळिशीच्या बाईला योग्य दिशेने ढकलते आणि विशीतल्या मुलीला चुकीच्या. भावनेला वय वाचता येत नाही.

दक्षिण कोरियात तर कोणी ठरवून ढकललंही नव्हतं. १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली. तिच्या यादीत थायरॉइड नव्हतं. पण माणूस तपासणीला आलाच आहे तर थोडे पैसे जादा देऊन गळ्याची सोनोग्राफीही करून घ्या, असं रुग्णालयं सुचवू लागली. ‘आलाच आहात तर’ हे जगातल्या सगळ्यात परिणामकारक शब्दांपैकी असावेत. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूंच्या आकड्यात काहीही फरक नाही. त्या वर्षी चाळीस हजारांवर माणसांना हे निदान झालं आणि जवळपास सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली. अनेकांना जन्मभर गोळी, काहींच्या शरीरातल्या कॅल्शियमचा तोल बिघडला, थोड्यांचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे हे थांबवा म्हटलं, आणि पुढच्या वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. म्हणजे लोक मूर्ख नव्हते. त्यांना दुसरी बाजू कोणी सांगितलीच नव्हती.

आता ‘आलाच आहात तर’ फोनच्या पडद्यावर आलं आहे. संपूर्ण शरीराचा एमआरआय, रक्ताच्या एका नळीत डझनावारी कर्करोग शोधणारी चाचणी, असल्या पाच तपासण्यांवरच्या इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवरच्या ९८२ पोस्ट २०२५ मध्ये संशोधकांनी चाळल्या. फायदे सांगणाऱ्या ८७ टक्के, कसलाही तोटा सांगणाऱ्या १५ टक्क्यांच्या आत, आणि ६८ टक्के पोस्ट करणाऱ्यांचा त्यात आर्थिक हितसंबंध. यावर फार लिहायची गरज नाही. हे नीतिशास्त्राचं कोडं नसून धंदा आहे.

कोडं पडतं ते घरात.

माझी एक मावशी आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होती. साठी ओलांडलेली, तब्येत खणखणीत. तिच्या लेकीने मॅमोग्राफीचा ध्यास घेतला. मावशी म्हणाली, मला आधी आकडे दाखवा. मग मी ब्रिटिश आरोग्यसेवेच्या २०१३ च्या सुधारित पत्रकातले आकडे तिला काढून दिले. हे पत्रक मुद्दाम वाचण्यासारखं आहे. मार्मट अहवालानंतर ‘या’ असं सांगणारा जुना मजकूर बाजूला ठेवून निवडीला मदत होईल असा नवा लिहिला गेला. त्यात आहे: तपासणी करून घेणाऱ्या दर दोनशे बायकांमागे साधारण एकीचा जीव वाचतो आणि तिघींना कधीच त्रास न देणाऱ्या कर्करोगाचं निदान होतं. मावशीने चौकटीची वही काढली. वीस गुणिले दहा असे दोनशे ठिपके पेन्सिलीने काढले, अगदी ओळीत, फळ्यावर काढावेत तसे. एकाभोवती वर्तुळ. तिघांवर फुली. मग चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसली आणि उरलेल्या १९६ ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, “आणि ह्यांना काय मिळालं?”

काही नाही, मी म्हटलं. काहींना मधूनच पुन्हा बोलावणं, एखादी बायोप्सी, पंधरा दिवसांची काळजी. बाकीच्यांना हायसं वाटणं.

ती म्हणाली, मला नको. स्वतःहून गाठ वगैरे जाणवली तर मी त्याच दिवशी जाईन, पण हे नको. (लक्षणं दिसल्यावरची तपासणी ही वेगळीच गोष्ट, तिथे थांबूच नये, हे ती पक्कं जाणून होती.)

लेकीचा फोन आला. “आई, माझ्यासाठी तरी जा. तू जाऊन आलीस की मला झोप लागेल.” आकड्यांना उत्तर होतं, ह्याला नव्हतं. आपल्या माणसांनी वापरलेलं हे सगळ्यात जालीम हत्यार, आणि मला ते पूर्ण वाईटही म्हणवत नाही. मावशी तिच्यावर खेकसू शकली. “तुझी झोप माझ्या छातीच्या एक्स-रेवर अवलंबून आहे होय? मग तू गोळी घे झोपेची,” असं म्हणाली. दोघी चिडल्या, आठवडाभर तुटक बोलल्या, मग नीट झाल्या. लेकीचा दबाव उघडा होता, चेहऱ्याचा होता, आणि त्याला उलट बोलता येत होतं. छापील पत्राला खेकसता येत नाही. संस्थेचं बोधचिन्ह, पदाधिकाऱ्याची सही आणि खाली ‘आपल्या कुटुंबाचा विचार करा’ असं वाक्य असलं की लेकीची भाषा परक्याच्या तोंडी येते. लेकीला तिचा हक्क आहे. त्या पत्राला तो कोणी दिला?

मी स्वतः मावशीच्या जागी असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही. कदाचित गेलोही असतो. दोनशेत एक हा आकडा काही जणांना फार मोठा वाटतो आणि तसं वाटणं अजिबात चूक नाही. ज्याच्या घरात एखादी बाई या आजाराने गेली आहे, त्याचा हिशेब आणखी वेगळा. तेच चार आकडे, आणि दोन शहाणी माणसं दोन टोकांना. म्हणूनच इथे ढकलू नये.

पण सगळ्यांनी ठिपके काढत बसावं अशी अपेक्षा धरली तर तोही एक जुलूमच. बहुतेक माणसं म्हणतात, “डॉक्टर, तुम्हीच सांगा काय करू.” त्यांच्या हातात चार पानी पत्रक ठेवून ‘निर्णय सर्वस्वी तुमचा’ म्हणणं हे मला पुष्कळदा स्वतःची कातडी वाचवणं वाटतं. ब्रिटनमधल्या संशोधक व्हिकी एन्ट्विसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मधली एक वाट सुचवली होती. ‘तपासणी करून घ्या’ असा हुकूमही नको आणि ‘सगळं विश्लेषण करून स्वतः ठरवा’ असं ओझंही नको. तपासणी ही एक देऊ केलेली गोष्ट म्हणून पुढे ठेवा. आम्ही ती का सुचवतो, कोणाच्या बाबतीत सुचवत नाही, आमच्यावर विश्वास का ठेवावा आणि आम्हाला यातून काय मिळतं, हेही सांगा. मग ज्याला खोलात जायचं तो जाईल, ज्याला विश्वास टाकायचा तो टाकेल. या मांडणीत सल्ला देणाऱ्याचीही परीक्षा होते, हे मला आवडतं.

शिवाय ओरडून पटवलेलं मागे घेता येत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची पीएसए ही रक्तचाचणी वर्षानुवर्षं ‘सुज्ञ पुरुषाचं कर्तव्य’ म्हणून सांगितली गेली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने नियमित चाचणी नको म्हटलं, २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून वैयक्तिक निर्णय घ्यावा म्हटलं. पुराव्याप्रमाणे मत बदलणं हे विज्ञानाला शोभणारंच. पण ज्यांना भीती घालून आणलं होतं त्यांना ही कोलांटी वाटली, आणि त्यांतल्या काहींनी पुढे ज्या तपासण्या खरोखर उपयोगाच्या होत्या त्यांच्यावरचाही विश्वास काढून घेतला.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक अगदी कारकुनी गोष्ट दिसते: टार्गेट. ब्रिटनमध्ये १९९० च्या करारानुसार डॉक्टरांना गर्भाशयमुखाच्या तपासणीचे पैसे ५० आणि ८० टक्के बायका आल्या की मिळू लागले. हेतू चांगला, परिणामही बराच चांगला. पण असं टार्गेट लागलं की समोरची बाई ‘हो’ म्हणाली तर आकडा, ‘नाही’ म्हणाली तर तूट. तिने पत्रक वाचलं, प्रश्न विचारले, रात्रभर विचार केला आणि मग नको म्हटलं, तरी हिशेबात ती आणि पत्ता बदलल्याने पत्र न मिळालेली बाई एकाच ओळीत. पुढे २००४ च्या करारात सगळं समजून नकार देणाऱ्या रुग्णाला मोजणीतून वगळण्याची सोय झाली. म्हणजे हे करता येतं. जिथे होत नाही तिथे ते कोणाला नको आहे म्हणून होत नाही.

तपासणी शिबिरांत काम करणाऱ्या एका नर्सताईंशी मी यावर वाद घातला. त्यांच्या फॉर्मवर तीन रकाने होते: आली, आली नाही, भेटली नाही. मी म्हटलं, चौथा हवा: समजून घेतलं आणि नको म्हणाली. त्या हसल्या. “म्हणजे वर्षअखेरीस आम्ही अवघड बायका सगळ्या त्यातच टाकू. लांब राहणाऱ्या, वाचता न येणाऱ्या, भांडणाऱ्या. काम संपलं.” मुद्दा बिनतोड होता, सन्मानाच्या नावाखाली माणसं टाकून देता येतात. मी सुचवलं, की मग त्या रकान्यातल्या काहींना शिबिराशी संबंध नसलेल्या कोणीतरी फोन करावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: तुम्हाला काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय ठरवलं. “आणि तो फोनही त्यांना मागे लागल्यासारखा वाटला तर?” वाटेल कदाचित. तरी एक फोन करावा असं माझं मत आहे. दुसरा करू नये.